नसलेलं कुलूप अडकलं तेव्हा

परसूभाऊ,

तुमच्या तेरवीला निघाले आणि गाडी दावणीवरून हलेना. किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, ब्रेकवर पाय दाबला, गिअरच्या दांडीचं बटण अंगठ्याने दाबलं, पण दांडी जागची हलायला तयार नाही. पार्किंगचा पी म्हणजे पी. दोनदा केलं, दहादा केलं. दांडीपुढे हात जोडायचेच तेवढे राहिले. शेजारचे काका गच्चीवरून म्हणाले, राहू द्या मॅडम, रिक्षाने जा. तुमच्या तांड्यावर मी रिक्षातून उतरले असते तर तेराव्या दिवशीही तुम्ही वरून टोमणा मारला असता.

मला दरदरून घाम फुटला, पण तो काही दांडी अडकली म्हणून नाही. बिनक्लचच्या गाडीत एक कुलूप असतं. ब्रेक दाबल्याशिवाय दांडी पी वरून सुटू नये म्हणून कंपनीनेच ते आत बसवलेलं असतं. माझ्या गाडीतलं ते कुलूप तुम्ही सात वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं. तुम्हीच तसं सांगितलं होतंत. त्या कुलपापायी मी तुम्हाला चारचौघांत नको ते बोलले, कागदावर लिहून दिलं, आणि पुढे तीन वर्षं तुमच्याशी बोलले नाही. आता मला सांगा, जे कुलूप गाडीत नाहीच, ते अडकतं कसं?

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना जन्म कुठला, शिकलेले किती, मागे कोण कोण, असं सगळं लिहितात. ते तांड्यावरच्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी लिहिते आहे कारण माझा गोंधळ झाला आहे, आणि गाडीबद्दल गोंधळ झाला की तुम्हालाच विचारायची सवय आहे. म्हणजे होती. ती मीच मोडली.

आपली ओळख स्कूटरपासूनची. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती आणि मी नर्सीच्या पुढच्या शाळेत नवीन मास्तरीण होते. डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला, पायात कॅलिपर, काखेत कुबडी. मागे दोन जादा चाकं लावलेली माझी स्कूटर नर्सी फाट्यावर तुमच्या गॅरेजसमोरच बंद पडली. गॅरेज कसलं, चार बल्ल्या आणि वर पत्रे. तुम्ही जीपखालून निम्मे बाहेर आलात, आधी चाकांकडे पाहिलंत, मग कुबडीकडे, मग माझ्याकडे. बहुतेक लोक उलट्या क्रमाने बघतात आणि चेहरा पाडतात. तुम्ही विचारलंत, "बाई, ही काठी गाडीवर कुठं ठिवता?" मी म्हटलं, मांडीवर आडवी धरते. तुम्ही स्कूटर नंतर दुरुस्त केलीत. आधी पन्हाळीचा एक तुकडा वाकवून कुबडीसाठी आकडी जोडलीत. दहा वर्षांत स्कूटरचं सगळं बदललं, ती आकडी बदलली नाही.

मग गाडी आली. हैदराबादच्या एका ओळखीच्या माणसाकडून जुनी, पांढरी, लहानशी. क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला काम नाही. आमच्या दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, पहिल्या दिवसापासून तिच्यावर राग धरला. त्याचं म्हणणं, अशी गाडी अख्ख्या जिल्ह्यात नाही, बिघडली तर कोण बघणार? एकदा जरी रस्त्यात अडकलीस तर विकून टाकीन. माझ्या पैशाची गाडी तो कशी विकणार, हे मी विचारलं नाही. लग्न न झालेल्या बहिणीच्या गाडीवर भावाचा हक्क असतो, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात.

तुम्हीही आधी नाक मुरडलंत. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्यात, आत डोकावलात आणि म्हणालात, "शहाण्या गाडीनं मानूस येडं होतं, बाई." हा आपला पहिला वाद. तो कधीच संपला नाही. मी म्हणायचे, गाडी शहाणी आहे तर बिघडलं काय, माणसाला चूकच करू देत नाही. तुम्ही म्हणायचात, म्हणून तर मानूस इचार करायचं सोडतं.

पण तुम्हाला ती शिकायचीही होती. तुम्ही चौथीत शाळा सोडलेली, आणि गाडीसोबत आलेलं पुस्तक इंग्रजीत. मग शाळा सुटली की मी फाट्यावर थांबायची, कमळावहिनी पत्र्याखाली खुर्ची टाकायच्या, आणि मी एकेक पान वाचून मराठीत सांगायची. तुम्ही हात पुसत ऐकायचात. चित्र आलं की पुस्तक आपल्याकडे ओढून घ्यायचात. आयुष्यात इतका लक्ष देणारा विद्यार्थी मला मिळाला नाही, आणि हा विद्यार्थी माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. दांडीवरची अक्षरं तुम्ही आपल्या भाषेत लावून घेतलीत. डी म्हणजे चाल, आर म्हणजे माघार, एन म्हणजे मोकळी आणि पी म्हणजे दावण. तुमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ लादून गावोगाव फिरायचे. त्यामुळे थांबलेलं जनावर दावणीलाच हवं, हे तुमच्या हाडात होतं. मी गाडी उभी केली की लांबूनच ओरडायचात, "बाई, दावणीला बांधली का?" मी वैतागून म्हणायचे, बांधली हो.

एकदा मात्र दांडीच चुकीची पडली. तुम्हाला आठवत असेलच. फाट्यावर निघता निघता मी बोलण्याच्या नादात होते. ब्रेक दाबला, दांडी ओढली, ती कुठे बसली ते न बघताच पाय उचलून दुसऱ्या पेडलवर टाकला. गाडी पुढे जाण्याऐवजी मागे गेली आणि तुमचा पाण्याचा ड्रम चेपला. ड्रमशेजारी वहिनी भांडी घासत होत्या. त्या दिवशी तुम्ही माझ्यावर पहिल्यांदा ओरडलात. मीही काही कमी नाही, माझी जीभ माझ्या पायापेक्षा जोरात चालते. मी म्हटलं, ब्रेक दाबल्याशिवाय गाडी दांडी सोडतच नाही, मी दाबला होता, मग माझी चूक कशी? तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग चेपलेला ड्रम सरळ करायला घेतलात.

त्याच वर्षीची खंडेनवमी. तुम्ही सगळे पान्हे, स्क्रू ड्रायव्हर, जॅक घासलेटने धुऊन गोणपाटावर मांडले होते. हळद, कुंकू, झेंडूची फुलं. गाडीलाही हार, चाकाखाली लिंबू. तुम्ही नारळ फोडून पाणी बॉनेटवर शिंपडलंत आणि मी म्हटलं, खरी पूजा आतल्या दांडीची करायला हवी, तिच्यामुळे मी कुणाच्या मागे न बसता फिरते. तुम्ही नको म्हणत होतात. मी करवंटी हातातून घेतली आणि उरलेलं सगळं पाणी दांडीवर ओतलं. डोळे मिटून ओतलं, म्हणजे भक्तीत काही कसर नको.

नमस्कार करून गाडी सुरू केली आणि दांडी पी वरून हलेना.

माझं तोंड उतरलं. तासाभरात दादा त्याच रस्त्याने सेनगावहून परतणार होता. गाडी फाट्यावर अडकलेली बघितली असती तर त्याला हवं तेच मिळालं असतं. मी म्हटलं, परसूभाऊ, काहीतरी करा. तुम्ही गोणपाटाकडे बघितलंत आणि मान हलवलीत. "आज पान्ह्याला हात लागत न्हाई, बाई. आज हत्याराची सुट्टी हाय." पूजेला बसलेलं हत्यार उचलायचं नाही, हे तुमच्या बापजाद्यांपासूनचं. मी तुम्हाला अंधश्रद्धेवर एक व्याख्यान दिलं, नुकतंच नारळपाणी गाडीत ओतलेलं असताना. तुम्ही ते शांतपणे ऐकून घेतलंत.

मग म्हणालात, ब्रेक दाबा. मी दाबला. तुम्ही मागे जाऊन आलात. मागचा लाल दिवा लागत नव्हता. तुम्ही सावकाश समजावलंत. ब्रेकचा दिवा आणि दांडीचं कुलूप एकाच तारेवर जगतात, दिवा गेला म्हणजे कुलपाला खबर मिळत नाही की बाईनं ब्रेक दाबला, म्हणून ते दांडी सोडत नाही. दांडीशेजारी प्लास्टिकचं एक इवलंसं झाकण होतं, ते तुम्ही नखाने उचकटलंत. हात पुढे केलात. "डोक्यातला आकडा द्या." मी केसातला आकडा काढून दिला. तुम्ही तो झाकणाखालच्या भोकात घातलात, मला ब्रेक दाबून धरायला लावलंत, आणि दांडी मुकाट्याने खाली आली. पुस्तकातलं ते पान मीच वाचून दाखवलं होतं आणि विसरले होते. तुम्हाला मात्र चित्र आठवत होतं. दादाची मोटारसायकल फाट्यावरून गेली तेव्हा मी पुढच्या वळणावर गाडीत बसून केस सोडून हसत होते.

दसरा झाल्यावर तुम्ही दांडीखालचा भाग उघडलात. मी शाळेत होते. संध्याकाळी आले तर गाडी तयार, आणि तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "बाई, तुमच्या नारळानं आतलं कुलूप खराब झालं. म्या काढून टाकलं. आता दांडी ब्रेक दाबल्याबिगर बी सुटंल. म्हनून आधी ब्रेकवर पाय, मंग दांडी, आन् दांडी बराबर बसलेली डोळ्यानं बगितल्याबिगर पाय हालवायचा न्हाई." मी घाबरले. कुलूप नवीन बसवता येईल का विचारलं. तुम्ही म्हणालात, बघू कधी तरी.

तेव्हापासून सात वर्षं, परसूभाऊ, मी एकदाही ब्रेक न दाबता दांडीला हात लावलेला नाही. हात आधी गेला तर चटका बसल्यासारखा मागे घ्यायची. निघताना अक्षर बघितल्याशिवाय पाय उचलला नाही. आता डोकं धरून बसले आहे ते यासाठीच. कुलूप आहे की नाही, हे कळायला फक्त एकदा ब्रेक न दाबता दांडी ओढून बघायची होती. पण तसं करून बघायची हिंमतच झाली नाही, तुमच्या शब्दावर इतका विश्वास.

निघताना ब्रेक लक्षात राहिला. थांबताना मात्र दावण विसरले.

आता त्या दिवसाचं लिहिते. माझ्याने नीट लिहवत नाही.

शाळेपुढचं पटांगण उताराचं आहे. सकाळची प्रार्थना सुरू झाली होती आणि मला उशीर झाला होता. गाडी वरच्या अंगाला थांबवली, इंजिन बंद केलं, कुबडी काढली, लगबगीने निघाले. दहा पावलं गेले असेन. मागून पोरं ओरडली. गाडी आपली आपण उतारावरून निघाली होती. झेंड्याच्या ओट्याला जाऊन धडकली. ओट्याला टेकून संगीचं दप्तर ठेवलेलं होतं, तिसरीतल्या संगीचं. संगी पाटी धुवायला हापशावर गेली होती म्हणून वाचली. दप्तर चाकाखाली होतं. पुस्तकं, डबा, सगळं सपाट.

अर्ध्या तासात गाव गोळा झालं आणि कुणीतरी तुम्हालाही घेऊन आलं. तुम्ही गाडीत डोकावलात. दांडी एन वर होती, मोकळी. तुम्ही वर बघितलंत आणि मला एकच विचारलंत. "बाई, दावणीला बांधली व्हती का?"

मी सगळ्यांसमोर ओरडले, "बांधली होती! तुम्ही कुलूप काढलं म्हणून सुटली!"

तुम्ही गाडीचं दार लावलंत. मी थांबले असते तर बरं झालं असतं. मी थांबले नाही. मी सांगितलं, की या माणसाने कंपनीचं कुलूप काढून फेकलं, याला या गाडीतलं काही कळत नाही, पान्हा धरता आला म्हणजे मेकॅनिक होत नाही. संगीच्या बापाने तुमची गचांडी धरली. तुम्ही त्याचा हातही झटकला नाहीत. म्हणालात, "चूक झाली, बाप्पा." कुणाची ते बोलला नाहीत.

मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला. मी चांगल्या अक्षरात लिहिलं, "मेकॅनिकने गिअरचे कुलूप काढून टाकल्यामुळे दांडी आपोआप सरकली." सही केली. प्रकरण माझ्यावर आलं नाही. दादासुद्धा म्हणाला, तुझी काय चूक, त्या माणसाची. गाडी विकायची गोष्ट त्याने काढली नाही. पण ज्या जीप तुमच्याकडे यायच्या त्या पुढे हिंगोलीला जाऊ लागल्या. तुमच्या पत्र्याखाली पाण्याचे पंप आणि ट्रॉलीची चाकं तेवढी दिसायची. ते मला दिसत होतं. मी मनात म्हणायची, केलं तसं भोगतात.

खरं सांगू? मी दांडी पी वर ओढलेली मला आठवत नव्हती. त्या दिवशीही नव्हती. ओढली नाही, असंही आठवत नव्हतं. तिथे नुसती मोकळी जागा होती, आणि त्या जागेत मी तुमचं नाव भरलं. हँडब्रेक तर ओढला नव्हता हे नक्कीच, पण त्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पुढची तीन वर्षं मी रोज फाट्यावरून गेले. तिथे गतिरोधक आहे, गाडी हळू करावीच लागते. माझी गाडी दिसली की तुम्ही हातातलं काम टाकून उठायचात आणि ती पुढे गेली की मागून बघत राहायचात. आरशात दिसायचं. मला वाटायचं, डोळे वटारून बघताहेत. मी मान ताठ करून जायची. एकदा तर मुद्दाम हॉर्न वाजवला.

तुम्ही गेल्याची बातमी शाळेत आली ती मधल्या सुट्टीत. सकाळी छातीत कळ आली आणि हिंगोलीला नेईपर्यंत संपलं, असं शिपाई सांगत होता. मला बरं वाटेल की वाईट, ते त्याला कळेना, म्हणून तो माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मलाही कळत नव्हतं. पाचव्या तासाला मी पोरांना भागाकार शिकवला आणि तो फळ्यावर चुकला.

तर तेरवीच्या सकाळी गाडी अशी अडली. मी शेजारच्या काकांना खाली बोलावलं, मागे उभं केलं आणि ब्रेक दाबला. दिवा लागत नाही म्हणाले. मग नखाने ते झाकण उचकटलं, केसातला आकडा काढला.  आकडा आत गेला, काहीतरी दबलं आणि दांडी खाली आली. कुलूप आत होतं. रस्ताभर मी स्वतःशी बोलत होते. काढलेलं कुलूप कुणी परत बसवलं? कधी बसवलं? की काढलंच नव्हतं? काढलं नव्हतं तर पटांगणावर दांडी सरकली कशी? ती सरकू शकत नव्हती. मग ती एन वर ठेवली कुणी? गाडीत तर मी एकटीच होते.

नर्सीच्या पुलावर कयाधू नदी ओलांडताना मला बाजूला थांबावं लागलं. पुढचं दिसत नव्हतं.

तांड्यावर पंगती उठल्या होत्या. कमळावहिनी आतल्या बाजूला भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला वाटलं, त्या तोंड फिरवतील. त्यांनी कुबडी घेऊन कोपऱ्यात उभी केली आणि मला शेजारी बसवलं. मी सांत्वनाचं काहीही बोलले नाही. एवढंच विचारलं, की वहिनी, त्यांनी माझ्या गाडीचं कुलूप खरंच काढलं होतं का?

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "न्हाई, बाई. ड्रमापाशी म्या बसले व्हते ना, तवापसून त्येंच्या मनात भेव बसलं. म्हनले, खोटं सांगितल्याबिगर बाई डोळे उघडून गाडी चालवणार न्हाई."

मी विचारलं, मग पटांगणावर ते बोलले का नाहीत?

"म्या बी तेच इचारलं, काहून गप ऱ्हायले म्हनून. तर म्हनले, खरं बोललो तर बाईचा भाऊ गाडी इकंल, बाई पुन्हा घरात बसंल. म्हनले, बाईनं एकदा इचारू दे, तवा सांगंन."

मी विचारलं नाही, परसूभाऊ. तीन वर्षं. शाळेत पोरांना रोज सांगते, कळलं नाही तर विचारा, विचारायला लाजू नका.

निघताना वहिनी अंगणापर्यंत आल्या. गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, आणि मी आत बसून ब्रेक दाबला तेव्हा म्हणाल्या, दिवा गेला का? मला कळेना यांना कसं माहीत. तर म्हणाल्या, तुम्ही रोज दुपारी जेवताना सांगायचात, आज बाईच्या गाडीचा मागचा दिवा लागला. तो गेला म्हणजे दांडी अडकणार, आणि बाई कुठे तरी एकट्या अडकून पडतील, म्हणून गतिरोधकापाशी उठून बघायचात. आणि मी हॉर्न वाजवला होता.

दुसऱ्या दिवशी हिंगोलीतल्या वायरिंगवाल्याकडे गाडी नेली. गाडी धुताना मागच्या दिव्यात पाणी शिरलं होतं, फ्यूज गेला होता. त्याने दांडीखालचा भाग उघडून बघितला आणि म्हणाला, "मॅडम, लॉक तो बराबर है. पहले किसीने अच्छा काम किया है." मी वाकून पाहिलं. एका तारेवर काळी टेप, आणि टेपच्या टोकावर पांढरा दोरा घट्ट गुंडाळून गाठ मारलेली. उन्हाने टेप सुटते म्हणून दोरा बांधायची तुमची रीत. कुणी शिकवली नव्हती, दुसरं कुणी करत नाही. फ्यूज बसवल्यावर मी ब्रेक न दाबता दांडी ओढली. सात वर्षांत पहिल्यांदा. हलली नाही.

सोमवारी शाळेत दुसरा खुलासा दिला. पटांगणावरील प्रकारास मी स्वतः जबाबदार आहे, दांडी पी वर ठेवायची माझ्याकडून राहिली, हँडब्रेक ओढलेला नव्हता, आधीच्या खुलाशातील मेकॅनिकविषयीचा मजकूर खोटा आहे. आता मुख्याध्यापक दुसरे आहेत. ते म्हणाले, बाई, मिटलेलं कशाला उकरता, तुमच्यावरच येईल. मी म्हटलं, येऊ द्या, आवक क्रमांक टाका. मग संगीच्या बापाकडे गेले. त्याने ऐकलं, खाली बघितलं आणि म्हणाला, आता त्या मानसाला काय सांगायचं? दादालाही सांगितलं. तो गाडी विकायचं पुन्हा बोलू लागला आहे. या वेळी मी त्याला विचारलं, माझी गाडी तू कशी विकणार?

तुमच्यावर रागही आहे, ते लपवत नाही. मला खोटं सांगून शहाणं करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? मी इतकी का मूर्ख होते, की खरं सांगून समजलं नसतं? आणि गचांडी धरली तेव्हा तरी बोलायचं होतंत. माझी गाडी वाचवायला तुम्ही तुमचं गॅरेज घालवलंत, हे मला न विचारता केलंत. मी विचारलं नाही म्हणते, तर तुम्ही तरी कुठे विचारलंत? असं भांडायला आता समोर कुणी नाही. रात्र रात्र मीच दोन्ही बाजूंनी बोलते, आणि तुमच्या बाजूने बोलताना तुमच्यासारखी गप्प बसते.

आभार मानायचे राहिले. ते कसे मानायचे तेही कळत नाही. पन्हाळीची ती आकडी जुन्या स्कूटरवरून काढून घेतली आहे. गाडीत कुठे बसते का बघते आहे.

काल शाळेतून येताना फाट्यावर गाडी हळू केली. पत्र्याखाली कुणी उठलं नाही. गतिरोधकापाशी मी ब्रेक नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ दाबून धरला. दिवा लागला का, परसूभाऊ? आत बसलेल्या माणसाला तो दिसत नाही.